डिझाइनचा संगणक निवडताना : महाग तेच चांगले, असे नव्हे

भोसरी, चाकण किंवा वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या छोट्या डिझाइन कार्यालयात हमखास पाहायला मिळणारे हे दृश्य आहे. साच्याचे मॉडेल पडद्यावर उघडलेले असते. ग्राहकाने एका भोकाचा व्यास दोन मिलिमीटरने वाढवायला सांगितलेला असतो. आकडा बदलला जातो आणि पडद्यावरचे चक्र फिरू लागते. अर्धा मिनिट जातो, कधी पूर्ण मिनिट जातो. वैतागून विंडोजचा ‘टास्क मॅनेजर’ उघडला, तर तेथे प्रोसेसरचा वापर अवघा ६ टक्के दिसतो. दीड-दोन लाख रुपये मोजून घेतलेला संगणक ९४ टक्के रिकामा बसलेला आहे, आणि तरीही काम अडलेले आहे, हे कोडे काही केल्या सुटत नाही.

या कोड्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे अनेक लघुउद्योजकांचे आणि विद्यार्थ्यांचे पैसे चुकीच्या भागांवर खर्च होतात. ‘कॅड’ म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केले जाणारे अभियांत्रिकी आरेखन. त्यासाठी संगणक जोडून घेताना कोणत्या भागाला किती महत्त्व द्यावे, हे दुकानातील फलकावरून ठरत नाही. ते ठरते आपण नेमके कोणते काम करणार आहोत यावरून.

ड्रॉइंग बोर्डापासून संगणकापर्यंत

संगणकाच्या पडद्यावर रेखाटन करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ बाजारात आले आणि हे तंत्र साध्या वैयक्तिक संगणकावर उतरले. पुढे १९९५ मध्ये आलेल्या ‘सॉलिडवर्क्स’ने विंडोजवर चालणारे त्रिमितीय मॉडेलिंग छोट्या कारखान्यांच्या आवाक्यात आणले. टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर घेऊन बसणाऱ्या ड्राफ्ट्समनची जागा बघता बघता संगणकाने घेतली.

मात्र द्विमितीय रेखाचित्र, त्रिमितीय मॉडेल, ताणाचे विश्लेषण आणि छायाचित्रासारखी प्रतिमा तयार करणारे ‘रेंडरिंग’ ही चारही कामे ‘डिझाइन’ या एकाच नावाने ओळखली जात असली, तरी संगणकाकडून त्यांच्या अपेक्षा अगदी वेगवेगळ्या असतात. सगळी गल्लत होते ती नेमकी येथेच.

सहा टक्क्यांचे कोडे

आजच्या प्रोसेसरमध्ये एकच मेंदू नसतो. आठ, बारा, सोळा असे अनेक ‘कोअर’ एका चिपवर असतात. बहुतेक प्रोसेसरमधील एक कोअर दोन कामांचे धागे, म्हणजे ‘थ्रेड’, हाताळतो. आठ कोअरच्या प्रोसेसरमध्ये असे १६ धागे झाले. त्यांपैकी एकच धागा पूर्ण क्षमतेने राबत असेल आणि उरलेले १५ स्वस्थ बसले असतील, तर टास्क मॅनेजर सरासरी काढून साधारण ६ टक्के वापर दाखवतो. म्हणजे प्रोसेसर रिकामा नसतो. त्याचा एक कामगार घाम गाळत असतो आणि बाकीचे हाताची घडी घालून त्याच्याकडे पाहत असतात.

असे का व्हावे? त्रिमितीय मॉडेल हे पायऱ्यापायऱ्यांनी घडत असते. आधी ठोकळा, मग त्यावर खाच, खाचेत भोक, भोकाच्या कडेला गोलाई. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. पाया भरल्याशिवाय भिंत चढत नाही आणि भिंत झाल्याशिवाय छप्पर पडत नाही, त्यातलाच हा प्रकार. गवंडी सोळा लावले म्हणून छप्पर पायाच्या आधी बांधता येत नाही. त्यामुळे मॉडेलची पुनर्रचना, ज्याला ‘रिबिल्ड’ म्हणतात, ती बहुतांशी एकाच कोअरवर चालते.

संगणकशास्त्रज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच या मर्यादेकडे लक्ष वेधले होते. एखाद्या कामाचा निम्मा भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर सोळा कोअर लावूनही एकूण वेग दुप्पट होत नाही. तो १.८८ पटींपाशी थांबतो. कोअर कितीही वाढवले, तरी दुपटीची मर्यादा ओलांडता येत नाही.

तात्पर्य असे, की ज्याचे मुख्य काम मॉडेलिंगचे आहे, त्याने कोअरची संख्या मोजण्याऐवजी एका कोअरचा वेग पाहावा. ‘सिनेबेंच’ किंवा ‘पासमार्क’सारख्या चाचण्यांमध्ये एका धाग्याचे गुण स्वतंत्रपणे दिलेले असतात. तुलना करायची ती त्या आकड्यांची. केवळ गिगाहर्ट्झचा आकडा पाहून भागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा ४ गिगाहर्ट्झचा कोअर आणि आजचा ४ गिगाहर्ट्झचा कोअर एका ठोक्यात सारखेच काम करीत नाहीत.

मध्यम श्रेणीतील सहा ते आठ वेगवान कोअरचा नवा प्रोसेसर अशा कामात त्याच पिढीतील दुप्पट किमतीच्या प्रोसेसरच्या बराच जवळ पोचतो, तो याच कारणाने.

‘दोन प्रोसेसर’चा मोह

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो वा दिल्लीतील नेहरू प्लेस, जुन्या सर्व्हरमधून उतरवलेले झिऑन प्रोसेसर बसवलेली ‘वर्कस्टेशन’ स्वस्तात मिळतात. दोन प्रोसेसर, सोळा कोअर, भरपूर मेमरी असे वर्णन ऐकून ग्राहक भुलतो. उदाहरणच द्यायचे तर २०१२ मधील झिऑन ई५-२६७० या प्रोसेसरचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ होता आणि फार तर तो ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत चढत असे. असे दोन बसवले, तरी रिबिल्डच्या वेळी काम करणार त्यांतील एकच कोअर, आणि तोही एका तपाहून जुना.

यात आणखी एक अडचण आहे. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने दिलेला सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सुविधा आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. जुने यंत्र आज स्वस्त पडले, तरी उद्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती त्यावर चालेलच असे नाही.

वापरलेला प्रोसेसर घेताना एक सावधगिरी बाळगावी. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही वेगवान डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अधिक व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले. त्याच वर्षी सुधारणा जारी करण्यात आली आणि हमीची मुदतही दोन वर्षांनी वाढवण्यात आली. ही सुधारणा मदरबोर्डच्या ‘बायोस’मधून बसवावी लागते, आणि जे नुकसान आधीच झाले ते तिने भरून निघत नाही. म्हणून अशा जुन्या प्रोसेसरच्या वाटेला शक्यतो जाऊ नये.

विश्लेषणाचा न्याय वेगळा

ताण, उष्णता किंवा प्रवाह यांचे विश्लेषण करणाऱ्या ‘अॅनसिस’सारख्या सॉफ्टवेअरचे गणित निराळे आहे. तेथे एकच प्रश्न हजारो-लाखो छोट्या तुकड्यांत विभागला जातो आणि अनेक कोअर एकाच वेळी राबू शकतात. रेंडरिंगचेही तसेच. येथे जास्त कोअरचा पैसा वसूल होतो.

पण येथेही तीन गोष्टी तपासणे अगत्याचे ठरते. पहिली गोष्ट परवान्याची. कित्येक विश्लेषण सॉफ्टवेअरचे परवाने ठरावीक कोअरपुरतेच असतात आणि जादा कोअरसाठी जादा पैसे पडतात. परवाना चार कोअरचा आणि यंत्र सोळा कोअरचे, अशी स्थिती झाली तर बारा कोअर शोभेपुरते उरतात. दुसरी गोष्ट मेमरीच्या मार्गांची. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीकडे जाण्याचे दोनच मार्ग असतात. कोअर वाढले, तरी डेटा पोचवणारा रस्ता तेवढाच राहतो आणि एका टप्प्यानंतर कोंडी होते. ‘थ्रेडरिपर’ वर्गातील प्रोसेसरना चार, तर त्याच्या ‘प्रो’ प्रकाराला आठ मार्ग असतात. त्यांची किंमत अर्थातच त्या प्रमाणात चढते.

तिसरी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. इंटेलच्या २०२१ पासूनच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर एकत्र असतात. विश्लेषणाचे काम सर्वांना समान वाटले गेले, तर वेगवान कोअर आपला वाटा लवकर संपवून थांबून राहतात. पंगतीत शेवटच्याचे जेवण आटोपेपर्यंत कोणी उठत नाही, तशी गत होते. अशा वेळी सॉफ्टवेअरला फक्त वेगवान कोअर नेमून दिल्यास काम उलट लवकर होऊ शकते.

मेमरी : कमी पडली की सगळेच थांबते

रॅम म्हणजे संगणकाचे काम करण्याचे टेबल. टेबल लहान असेल, तर कागद सारखे कपाटात ठेवावे आणि काढावे लागतात. मेमरी अपुरी पडली की संगणक डिस्कचा आधार घेतो आणि वेग कोसळतो. विश्लेषणात तर पूर्ण गणित मेमरीत मावते की अर्धे डिस्कवर लिहावे लागते, यावर तासांचा फरक पडतो.

‘ऑटोडेस्क इन्व्हेंटर’साठी कंपनीने ५०० पेक्षा कमी भागांच्या जुळणीला किमान १६ जीबी आणि एरवी ३२ जीबी किंवा अधिक मेमरी सुचवली आहे. सॉलिडवर्क्सलाही किमान १६ जीबी लागते. द्विमितीय रेखाचित्रांना १६ जीबी, नेहमीच्या यंत्रभागांच्या मॉडेलिंगला ३२ जीबी आणि मोठ्या जुळण्या किंवा विश्लेषण असल्यास ६४ जीबी, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही.

मेमरी नेहमी जोडीने घ्यावी. एकच ३२ जीबीची पट्टी घेण्याऐवजी १६-१६ च्या दोन घेतल्यास दोन्ही मार्ग वापरले जातात. मात्र ‘डीडीआर५’ प्रकारात चारही खाचा भरल्यावर मेमरीचा वेग बहुधा खाली आणावा लागतो. तेव्हा पुढे ६४ जीबी लागणार हे आजच स्पष्ट असेल, तर ३२-३२ ची जोडी घेणे श्रेयस्कर. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून आलेल्या मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकावर विसंबून न राहता खरेदीच्या दिवशीचा भाव विचारणेच इष्ट.

पूल, इमारती अशा ठिकाणच्या गणितांत चुकीला वाव नसतो. तासन्तास चालणाऱ्या विश्लेषणात मेमरीतील एखादा अंक उलटला, तर उत्तरही उलटू शकते. अशी एका अंकाची चूक ‘ईसीसी’ मेमरी आपोआप दुरुस्त करते. तिला प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोघांचाही पाठिंबा लागतो, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

ग्राफिक्स कार्ड : खेळाचे की कामाचे?

सर्वाधिक पैसा वाया जातो तो ग्राफिक्स कार्डावर. खेळांसाठी बनवलेले महागडे कार्ड बसवले की मॉडेल ‘उडत’ चालेल, असा समज रूढ आहे. परंतु ग्राफिक्स कार्डाचे काम मॉडेल पडद्यावर फिरवून दाखवण्याचे. मॉडेलची भूमिती मोजण्याचे काम प्रोसेसरच करतो. रिबिल्डला मिनिट लागत असेल, तर कार्ड बदलून तो अर्ध्यावर येत नाही.

व्यावसायिक कार्डांचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. त्यांच्या ड्रायव्हरची चाचणी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सहकार्याने होते आणि प्रमाणित कार्डांची यादी त्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. सॉलिडवर्क्स ‘ओपनजीएल’ या पद्धतीवर चालते आणि तेथे प्रमाणित कार्डाचा फरक जाणवतो. कडा नीट दिसणे, निवडलेला भाग अचूक उजळणे, मध्येच सॉफ्टवेअर बंद न पडणे हे त्याचे फायदे. ऑटोकॅड आणि इन्व्हेंटर ‘डायरेक्टएक्स’वर चालत असल्याने तेथे साधे कार्डही बरेचदा चांगले काम देते.

एनव्हिडियाच्या व्यावसायिक कार्डांचे ‘क्वाड्रो’ हे नाव २०२० पासून मागे पडले. दुकानात आजही ते ऐकू आले, तर कार्ड कोणत्या पिढीचे आहे ते विचारावे. २०२४ मध्ये आलेली ४ जीबीची ‘आरटीएक्स ए४००’ आणि ८ जीबीची ‘आरटीएक्स ए१०००’ ही छोटी कार्डे अवघ्या ५० वॅटवर चालतात आणि मध्यम जुळण्यांना पुरी पडतात. ग्राफिक्स कार्डावरच चालणारे रेंडरिंग करायचे असेल, तेव्हाच मोठ्या कार्डाचा विचार करावा.

केवळ द्विमितीय काम करणाऱ्याला प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवरही भागवता येते. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते. चार पैसे वाचवण्याच्या नादात असा प्रोसेसर घेतला, तर वेगळे कार्ड घेणे भागच पडते.

डिस्क, वीज आणि धूळ

जुनी फिरती हार्ड डिस्क एखादी फाइल शोधायला साधारण १० मिलिसेकंद घेते. ‘एसएसडी’ला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून अधिक वेळ क्वचितच लागतो. म्हणून विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रकल्प एसएसडीवरच असावेत. साटा जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास थांबतो, तर ‘एनव्हीएमई’ प्रकारात तो तिसऱ्या पिढीत सुमारे साडेतीन हजारांपर्यंत आणि चौथ्या पिढीत सुमारे सात हजारांपर्यंत जातो. तथापि फाइल उघडतानाचा बराच वेळ मोजदादीत जात असल्याने चौथ्या पिढीनंतर जादा पैसे मोजून मॉडेलिंगमध्ये फारसे हाती लागत नाही. तोच पैसा दुसऱ्या डिस्कवर खर्च करून दररोजची प्रत वेगळी ठेवणे शहाणपणाचे. संगणक नवा आणता येतो, पण साच्याच्या मॉडेलमागची महिन्याची मेहनत परत आणता येत नाही.

पॉवर सप्लाय हा सर्वांत दुर्लक्षित भाग. वेगवान प्रोसेसर पूर्ण भारावर २५० वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. छोट्या ग्राफिक्स कार्डासह ५५० ते ६५० वॅटचा, ‘८० प्लस’ मानांकन असलेला पॉवर सप्लाय पुरेसा होतो. वीज सारखी जाणाऱ्या भागात यूपीएसला पर्याय नाही. आधुनिक पॉवर सप्लाय काही स्वस्त यूपीएसच्या कृत्रिम लहरींवर नीट चालत नाहीत आणि वीज गेली की संगणक बंद पडतो. म्हणून शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस आणि चांगले अर्थिंग, दोन्ही पाहावे.

विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात खोलीचे तापमानच चाळिशीपार जाते. बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. थंड हवेच्या प्रयोगशाळेतील चाचणीत उत्तम ठरलेला प्रोसेसर नागपूरच्या मे महिन्यात तोच वेग देईल असे नाही. त्यासाठी चांगला कूलर आणि हवेशीर कॅबिनेट यांवर खर्च करणे ही चैन नव्हे. संगणक ग्राइंडिंगच्या यंत्राजवळ तर ठेवूच नये. धातूची बारीक धूळ वीजवाहक असते आणि ती मदरबोर्डावर बसली की शॉर्टसर्किटला निमंत्रण मिळते.

बिल आणि परवाना

जीएसटीचे बिल न घेता ‘कच्च्या’ पावतीवर भाग घेतल्यास स्वस्त पडतात, असे वाटते. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत उद्योजकाला पक्क्या बिलावर या कराची वजावट मिळते. प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा धरता येतो. कच्च्या पावतीत हे दोन्ही जाते आणि हमीचा दावाही अडचणीत येतो. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा.

ज्यांच्याकडे दुरुस्ती करणारा माणूस नाही, त्यांनी कंपनीच्या तयार वर्कस्टेशनचा विचार करावा. ते महाग पडते, पण संपूर्ण यंत्राची हमी एकाच ठिकाणी मिळते. जोडून घेतलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी वेगळी आणि बिघाड कोणत्या भागात आहे, ते शोधण्याची जबाबदारी आपली.

सगळे पैसे यंत्रावर खर्चून सॉफ्टवेअर ‘कुठून तरी’ टाकून घेण्याची वाट धोक्याची आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यार्थ्यांना तर ही वाट धरण्याचे कारणच नाही. पात्र विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर शिक्षणासाठी वर्षभराच्या मुदतीने विनामूल्य मिळतात आणि मुदत वाढवूनही घेता येते.

आधी निदान, मग खर्च

एका बदलामागे ४० सेकंद वाट पाहावी लागत असेल आणि असे दिवसाला ५० बदल होत असतील, तर दिवसाचा अर्ध्या तासाहून अधिक वेळ जातो. महिन्याच्या २५ कामकाजी दिवसांत ही बेरीज १४ तासांच्या घरात पोचते. म्हणजे एका माणसाचे जवळपास दोन दिवसांचे काम केवळ फिरते चक्र पाहण्यात संपते. जॉबवर्कच्या तुटपुंज्या दरात ही गळती छोट्या कार्यालयाला परवडणारी नसते.

ती थांबवण्यासाठी पहिली पायरी फुकट आहे. काम अडलेले असताना टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरच्या आलेखावर उजवी क्लिक करून प्रत्येक धाग्याचा आलेख वेगळा पाहावा. एकच आलेख शिखरावर आणि बाकीचे तळाशी असतील, तर वेगवान कोअर हवा. सगळेच शिखरावर असतील, तर जास्त कोअर हवेत. मेमरी भरलेली दिसली, तर रॅम वाढवूनच काम भागेल. आणि फक्त मॉडेल फिरवतानाच अडखळत असेल, तर ग्राफिक्स कार्डाकडे वळावे.

दुसरी पायरी दुकानातली. आपल्या कामातील सर्वांत जड फाइल पेनड्राइव्हवर न्यावी आणि परवानाधारक सॉफ्टवेअर असलेल्या एखाद्या नव्या यंत्रावर ती उघडून रिबिल्डला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून पाहावे. फलकावरील आकडे कोणाच्याही कामाचे असू शकतात. आपल्या फाइलला लागलेली सेकंदे मात्र आपल्याच कामाची असतात. पैसे मोजण्यापूर्वी एवढी खातरजमा केली, तर त्या सहा टक्क्यांचे कोडे नव्या यंत्रावर पुन्हा सोडवत बसण्याची वेळ येणार नाही.